दिवसाची लाइन

उन्हाळी धान लावलेल्या गावांत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत एक प्रश्न रोज कानावर पडतो : या आठवड्यात लाइन दिवसाची की रातची? भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले एकोडी हे अशाच धानाच्या गावांपैकी एक. लाइन म्हणजे कृषिपंपाला मिळणारी थ्री फेज वीज. दिवसाची असली तर साधारण आठ तास, रातची असली तर थोडी जास्त, आणि पाळी फिरती. रातची पाळी आली की शेतकरी हातात बॅटरी घेऊन बांध्यांकडे निघतो. धानाचे पाणी एका बांधीतून दुसरीत उतरवावे लागते, मध्येच धुरा फुटतो, एखाद्या फेजचा फ्यूज जातो. मोटार सुरू करून घरी येऊन झोपावे, अशी सोय या पिकात नाही. धुऱ्यावर साप असतो, रानडुक्कर असते. आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलाशी सलगी असलेल्या या पट्ट्यात वाघ-बिबट्याची धास्तीही असते.

या जागरणाची किंमत विजेच्या कोणत्याही ताळेबंदात धरलेली नाही.

शेतकऱ्याला रात्रीच वीज का मिळते, याचे उत्तर कोळशाच्या अर्थकारणात आहे. औष्णिक केंद्राचा बॉयलर दिवा मालवावा तसा मालवता येत नाही. संच एकदा पेटवला की तो चालत राहावा यातच किफायत असते. निम्म्याच्या खाली उतरवणे अवघड, आणि बंद करून पुन्हा पेटवणे तर त्याहून खर्चिक. मध्यरात्रीनंतर कचेऱ्या बंद असतात, बाजार झोपलेला असतो, घरांची मागणी ओसरते. त्या वेळची वीज घेणारे मोठे गिऱ्हाईक हवे होते. ते गिऱ्हाईक म्हणजे राज्यभरातले लाखो कृषिपंप. संध्याकाळच्या चढत्या मागणीत पंप बंद ठेवायचे आणि रात्री सुरू करायचे, ही घडी ग्रिडच्या सोयीची होती. शेतकऱ्याला वीज सवलतीत मिळते हे खरे. पण तिच्या मोबदल्यात त्याने ग्रिडला आपली झोप दिली, हेही तितकेच खरे आहे.

सौर विजेने ही घडी उलटी केली आहे. आता सर्वांत स्वस्त युनिट दुपारी बारा वाजता तयार होते. कमी कार्बनच्या ऊर्जेकडे जाण्याच्या चर्चेत ‘परवडते का?’ हा प्रश्न इतक्या वर्षांच्या सवयीने विचारला जातो की त्याचे उत्तर मिळून बराच काळ झाला आहे, हे लक्षातच येत नाही. परवडते. खरा प्रश्न आता दुसरा आहे : जुन्या आणि नव्या विजेच्या किमतीतला जो फरक उरतो, तो कोणाच्या पदरात पडतो? शासनाच्या, वीज कंपनीच्या, प्रकल्प उभारणाऱ्याच्या, की ज्याने आजवर रात्री जागवल्या त्या धानवाल्याच्या? एकोडीच्या शिवारातून पाहिले की हा प्रश्न जितका स्वच्छ दिसतो, तितका तो मुंबई-दिल्लीच्या परिषदांतून दिसत नाही.

किमतीची कहाणी आधी सांगायला हवी, कारण तिचा एक धागा थेट साकोलीशी बांधलेला आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा आधारदर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या बोलीत सर्वांत कमी दर १० रुपये ९५ पैसे आला. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर उतरला, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत दर एक-नवमांशावर. शेतमालाच्या भावात अशी घसरण झाली असती तर गावे उठून गेली असती. इथे ती ग्राहकाच्या बाजूने झाली.

ही घसरण कशी झाली? मुख्यतः चीनने सिलिकॉनपासून तयार पॅनेलपर्यंतची सगळी साखळी प्रचंड प्रमाणावर उभी केल्याने. पॅनेलचा कच्चा माल असलेले पॉलिसिलिकॉन २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या वर गेले होते. २०१२ संपेपर्यंत ते २० डॉलरच्या आसपास येऊन ठेपले.

आणि नेमक्या या पडझडीनंतर, मे २०१३ मध्ये, साकोलीजवळच्या मुंडीपारला एका कारखान्याचे भूमिपूजन झाले. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणजे भेल ही केंद्र सरकारची कंपनी, आणि भंडारा-गोंदियाचे नेते प्रफुल्ल पटेल तेव्हा केंद्रात अवजड उद्योगमंत्री. वीजनिर्मितीच्या यंत्रसामग्रीचे सुटे भाग घडवणारा एक विभाग आणि त्याच्या जोडीला सौर पॅनेलचा मोठा कारखाना, अशी ती योजना होती. सिलिकॉनपासून पॅनेलपर्यंत सगळे एका आवारात, वर्षाला ६०० मेगावॅट क्षमतेचे उत्पादन, आणि त्यासाठी सुमारे २,७०० कोटी रुपयांची गुंतवणूक. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. धानपट्ट्यातली मुले हंगाम संपला की नागपूर, हैदराबाद, पुण्याकडे कामाला जातात. त्यांच्या घरांना हा कारखाना म्हणजे गावातच पगार, असा दिलासा होता.

कारखाना उभा राहिला नाही. जमीन गेली, पीक गेले, नोकरी आली नाही. कारखाना सुरू करा, नाही तर जमीन परत द्या, ही मागणी त्या शेतकऱ्यांनी त्यानंतर वर्षानुवर्षे केली.

या घटनेचे राजकीय अर्थ जिल्ह्यात पुष्कळ लावले गेले आहेत. त्यामागचे अर्थशास्त्र मात्र क्वचितच कोणी मांडले. जागतिक बाजारात पॅनेलची किंमत वर्षागणिक कोसळत असताना ६०० मेगावॅटच्या कारखान्याने चिनी मालाशी भावात टक्कर द्यायची, तर त्याला सरकारी संरक्षणाची भिंत लागली असती. ती भिंत उभी राहायला आणखी नऊ वर्षे लागली. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि आयात सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागू झाले. त्यानंतर देशात पॅनेलचे कारखाने भराभर निघाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या मंजूर यादीतली भारतीय क्षमता १०० गिगावॅटवर पोहोचल्याची घोषणा झाली. त्यातला मोठा भाग गुजरातेत आहे. मुंडीपारच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. ज्या घसरणीमुळे आज एकोडीला दिवसाच्या लाइनची आशा धरता येते, त्याच घसरणीच्या काळात शेजारच्या गावाची नोकरीची आशा संपली. ऊर्जास्थित्यंतराचा नफा-तोटा एकाच परिसरात, एकाच दशकात इतक्या जवळजवळ सांडलेला दुसरीकडे सहसा दिसत नाही. स्वस्त वीज ही सगळ्यांसाठी निखळ चांगली बातमी असते, असे ज्यांना वाटते त्यांनी मुंडीपारची जमीन पाहून यावे.

तरीही बातमी चांगली आहे, आणि ती का चांगली आहे हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, धानाच्या एखाद्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर, पाच अश्वशक्तीचे ३०० पंप आहेत. एक पंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट खातो. तीनशे पंप दिवसाला ९,००० युनिट. उन्हाळी धानाचे चार महिने धरले तर हंगामाला साधारण पावणेअकरा लाख युनिट. उन्हाळ्यात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प दिवसाला ५,००० युनिटांच्या आसपास देतो. म्हणजे उपकेंद्राजवळ आठ-दहा एकरांवर दोन मेगावॅटचा प्रकल्प उभा केला, तर सगळे पंप दिवसा चालतात. उन्हाळी धानाची मोठी जमेची बाजू ही की त्याला सर्वांत जास्त पाणी लागते तेव्हाच ऊन सर्वांत कडक असते. आणि तो प्रकल्प वर्षभरात तीस लाखांवर युनिट तयार करतो. पंपांना लागली त्याच्या दुपटीहून थोडी कमी वीज शिल्लक राहते; ती तारेवरून गावच्या घरांना, पीठगिरणीला, भातगिरणीला जाते.

आता हेच काम शेतावरच्या सुट्या सौरपंपांनी करून पाहू. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनेत शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के वाटा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात, असे पंपाचे माप. वीजखांब जिथे पोहोचत नाही, अशा जंगलकाठच्या शेतासाठी हा पंप मोलाचा आहे, याबद्दल वाद नाही. पण पूर्व विदर्भात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. खरिपात रोवणी अडली किंवा धान निसवताना पावसाने दडी मारली, तरच मोटार लागते. म्हणजे सुट्या पंपाची पॅनेल वर्षातले सात-आठ महिने नुसती ऊन खात उभी. त्यांची वीज कुठेही जात नाही. तीनशे सुट्या पंपांवरच्या पॅनेलची बेरीज फिडरच्या प्रकल्पापेक्षा फार कमी भरत नाही. मात्र त्यांतल्या निम्म्याहून अधिक उन्हाचा दमडीचाही उपयोग होत नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने सुट्या पंपांऐवजी संपूर्ण फिडर सौर करण्याचा आग्रह अनेक वर्षे धरला, तो याच हिशेबावर. २०१७ मध्ये फिडर सौर करणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी येथे पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तिचा पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. ज्या गावांत फिडर आहे, तिथे सुटा पंप ही दुसऱ्या क्रमांकाचीच निवड असायला हवी. पैसे भरून वर्षानुवर्षे साध्या जोडणीची वाट पाहणाऱ्याला ‘आता सौरपंपच घ्या’ म्हणणे म्हणजे त्याच्या अडचणीतून योजनेचा आकडा वाढवणे होय.

राज्य सरकारच्या मांडणीत एक तुलना नेहमी येते : शेतीला दिलेली वीज युनिटला आठ रुपयांच्या घरात पडते, सौर वाहिनीची वीज तीन रुपयांच्या आसपास मिळते, म्हणून युनिटमागे पाच रुपये वाचतात. ही तुलना ऐकायला सोपी आहे, पण ती दोन वेगळ्या गोष्टींची आहे. आठ रुपयांत कोळसा, केंद्राचा स्थिर खर्च, शेकडो किलोमीटरची पारेषण वाहिनी, तारांतली गळती, लाइनमनचा पगार, असे सगळे आले. तीन रुपये म्हणजे उपकेंद्राच्या दारात पोहोचलेल्या विजेची किंमत. तिथून बांधीपर्यंतची तार, डीपी आणि ती डीपी जळाली तर बदलणारा माणूस यांचा खर्च त्यात नाही. काही बचत नक्की होते, कारण वीज गावाजवळच तयार होते आणि लांबच्या पारेषणाचा व गळतीचा भार हलका होतो. पण पाच रुपये पूर्णपणे हातात पडतात, असे गृहीत धरून पुढची आश्वासने देणे धोक्याचे आहे.

धोका कुठे आहे हे पाहायला एकोडीहून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला अदानी समूहाचे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे पाच संच. त्यातली ३,०८५ मेगावॅट वीज घेण्याचे महावितरणचे दीर्घ मुदतीचे करार आहेत. अशा करारात विजेची किंमत दोन भागांत असते. कोळशाचा खर्च वीज घेतली तरच द्यावा लागतो. केंद्र उभारणीचे भांडवल, व्याज, देखभाल यांचा स्थिर आकार मात्र केंद्र वीज द्यायला तयार असले की द्यावाच लागतो, वीज घ्या किंवा नका घेऊ. म्हणून भर दुपारी सूर्याची वीज घेतली तरी कोळशाचा फक्त इंधनखर्च वाचतो. स्थिर आकाराचे मीटर चालूच राहते.

तिरोड्याच्याच कहाणीत कोळशाच्या ‘स्वस्ताई’चा आणखी एक पदर आहे. या केंद्रासाठी आधी चंद्रपूर जिल्ह्यातला लोहारा कोळसापट्टा ठरला होता. तो ताडोब्याच्या जंगलाजवळ असल्याने पर्यावरण मंत्रालयाने पुढची वाट बंद केली. मग कोळसा दुसरीकडून आणावा लागला, आणि त्या वाढीव खर्चाचा भार कोणी उचलायचा हा वाद नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोळशाच्या विजेची किंमत करारावर सही होताना कळते असे आपण समजतो; ती खरी कळते दहा-पंधरा वर्षांनी, ग्राहकाच्या बिलात. सूर्याच्या बाबतीत ही एक गोष्ट निःसंशय चांगली आहे. पंचवीस वर्षांचा दर पहिल्या दिवशी लिहिला जातो, इंधनाचा भाव त्यात डोकावत नाही.

मात्र संध्याकाळी सात वाजता एकोडीच्या घरात दिवा, पंखा, टीव्ही सुरू होतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो. त्या वेळी तिरोडा, मौदा, कोराडी ही औष्णिक केंद्रे लागतातच. दिवसाचे ऊन संध्याकाळपर्यंत राखून ठेवायला बॅटरी हवी किंवा पाणी वर चढवून साठवणारी जलविद्युत हवी. नगर जिल्ह्यातल्या घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून चालतो आहे. बॅटरीचे दर वेगाने उतरत आहेत, पण साठवलेले युनिट हे ताज्या युनिटापेक्षा महागच राहणार. कृषिपंप हा यावरचा एक सुंदर तोडगा आहे. त्याला संध्याकाळ नको असते. दुपारी उपसलेले पाणी बांधीत उभे राहते, आणि ते पाणी हीच त्याची बॅटरी. देशातली सर्वांत स्वस्त साठवण धानाच्या शेतात आधीपासून बांधून ठेवलेली आहे. सौर विजेसाठी आदर्श गिऱ्हाईक कोण, असे एखाद्या अभियंत्याला विचारले तर तो उन्हाळी धानाच्या फिडरकडे बोट दाखवेल.

असे असूनही शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब वेगळाच लागतो, कारण त्याची वीज आता फुकट आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांचे बिल शासन भरते. वर्षाला १४,७६० कोटी रुपये, मुदत मार्च २०२९ पर्यंत. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे बिल माफ झाले, याबद्दल कोणाही सहृदय माणसाने नाक मुरडू नये. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. खत, मजुरी, रोवणी, कापणी वजा जाता हातात काय राहते, हे दोन-तीन एकरांच्या घराला विचारावे. पण फुकट विजेने एक प्रश्न झाकला आहे. शेतकऱ्याला हवी होती ती दिवसा आणि भरवशाची वीज. दर पूर्णपणे शून्य करा, असे त्याचे पहिले मागणे नव्हते. भंडारा-गोंदियात धानासाठी दिवसा बारा तास विजेची मागणी घेऊन लोक रस्त्यावर उतरले आहेत. वर्षाला चौदा हजार कोटी शून्य बिलावर घालण्याऐवजी त्यातला मोठा वाटा पाच वर्षे सौर फिडरवर घातला असता, तर दरवर्षी लागणारे अनुदानच वर्षागणिक कमी होत गेले असते. फुकट विजेत पैसा दरवर्षी जळून जातो. फिडरमध्ये तो पंचवीस वर्षे उभा राहतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. वीज फुकट आणि दिवसाही, मग मोटार बंद करायला कारण उरत नाही. एक किलो तांदळामागे काही हजार लिटर पाणी जाते. बांधीत सतत पाणी तुंबलेले राहिले की चिखलातून मिथेन निघतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता धरून ठेवतो. कोळसा वाचवून कमावलेले श्रेय अशा रीतीने बांधीतून निसटू शकते. पाणी आलटून-पालटून देण्याची, मध्ये जमीन सुकू देण्याची पद्धत उत्पादन फारसे न घटवता पाणी वाचवते, हे भातसंशोधकांनी दाखवले आहे. पण ती पद्धत वापरायला वीज वेळेवर मिळेल असा भरवसा लागतो. लाइन पुन्हा कधी येईल याची खात्री नसलेला शेतकरी, आहे तोवर बांधी भरून घेतो. ही उधळपट्टी नव्हे; तारेवरचा अविश्वास आहे. दिवसाची नेमकी वीज हा त्यावरचा पहिला उपाय आहे, आणि वाचवलेल्या युनिटामागे शेतकऱ्याला थोडे पैसे देणे हा दुसरा. पंजाबने ‘पाणी वाचवा, पैसे कमवा’ अशी योजना २०१८ मध्ये काही फिडरवर आजमावली होती. भंडाऱ्यात ती करून पाहायला काय हरकत आहे?

याहून जुनी एक गोष्ट या जिल्ह्याला माहीत आहे, आणि कमी कार्बनच्या चर्चेत तिचे नाव कोणी काढत नाही. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत; लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी काही शतकांपूर्वी उतार पाहून बांधलेले हे तलाव पाटातून धानाला पाणी देतात. मोटार नाही, डीपी नाही, युनिट नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले, आणि गाळ काढण्याची, पाळीची दुरुस्ती करण्याची गावाची जुनी व्यवस्था विस्कटली. गाळाने तलाव उथळ झाला की धान निसवताना पाणी कमी पडते. मग शेतकरी बोअर मारतो, मोटार बसवतो, लाइन मागतो. म्हणजे पंपांच्या मागणीतला काही भाग हा मुळात तलावांच्या दुरवस्थेतून आला आहे. सौर फिडरचे अंदाजपत्रक करताना त्याच शिवारातल्या तलावाचा गाळ काढायला किती लागेल, हा आकडा शेजारी लिहायला हवा. काही गावांत तोच आकडा लहान निघेल. पण ऊर्जा विभागाचा पैसा तलावाला लागत नाही आणि जलसंधारणाचा पैसा फिडरला. कप्प्यांत वाटलेल्या शासनाला हे गणित एका पानावर मांडताच येत नाही.

जमिनीचा प्रश्नही भंडाऱ्यात वेगळा आहे. सौर वाहिनीसाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षे. मराठवाड्यात उपकेंद्राजवळ माळरान मिळते. इथे मोकळी दिसणारी बरीच सरकारी जमीन ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात ती वनजमीन असल्याचे स्पष्ट केले. उरतात गुरे चारायची गायरान जमीन आणि धानाच्या लहान-लहान बांध्या. गायरान गेले तर गाय-बकरीवर जगणाऱ्या भूमिहीन घराचे नुकसान होते, आणि भाडे मात्र त्याला मिळत नाही. म्हणून भाड्याचा एक वाटा गायरानाच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचेल असा ठराव ग्रामसभेत आधी व्हावा, मग जागा निश्चित व्हावी. धोरण आखणाऱ्यांना हा तपशील किरकोळ वाटेल. गावात भांडण पेटते ते अशाच तपशिलावरून.

भातगिरण्यांच्या बाबतीत मात्र सूर्य थेट फायद्याचा आहे. भंडारा-गोंदियाच्या गिरणीवाल्यांची जुनी तक्रार अशी की सीमेपलीकडे छत्तीसगडात वीज स्वस्त, म्हणून भरडाईत ते मागे पडतात. आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेला सवलतीचा दर मिळू लागला आहे. गिरणी दिवसा चालवता येते. छपरावर पॅनेल टाकली तर खर्च आणखी उतरतो. धानाच्या वजनात पाचवा हिस्सा कोंड्याचा असतो, तो उकड्या तांदळाच्या बॉयलरला पुरतो. घरांचे तसे नाही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण कवेलूंच्या छपरावर पॅनेल कशी बसवायची? स्लॅब ज्याचा, अनुदान त्याचे, अशी स्थिती होऊ नये म्हणून अशा घरांसाठी गावाच्या सामाईक प्रकल्पात वाटा देण्याची सोय हवी.

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा ही पाच केंद्रे मिळून बारा हजार मेगावॅटच्या आसपास कोळशाची वीज तयार करतात. राख, धूळ, वैनगंगेचे पाणी विदर्भाचे. वीज सगळ्या राज्याची. स्थित्यंतरात आधी बंद पडतील तीही याच भागातली जुनी केंद्रे, आणि त्यांच्यावर पोट असलेले कंत्राटी कामगार, ट्रकवाले, खाणावळवाले उघडे पडतील. जर्मनीने २०३८ पर्यंत कोळसा सोडायचा कायदा २०२० मध्ये केला, तेव्हा कोळशाच्या प्रदेशांना ४० अब्ज युरोपर्यंतच्या मदतीचीही तरतूद केली. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. तिथे पर्यायी कामे वेळेवर उभी राहिली नाहीत आणि गावाचा रोष ओढवला. महाराष्ट्राने आज तरी या बाबतीत लिहून ठेवलेले असे फारसे काही दिसत नाही. सौर वाहिनीतून वाचणाऱ्या प्रत्येक युनिटामागे दहा-वीस पैसे विदर्भाच्या एका निधीत बाजूला पडले, तर वर्षाला किती रक्कम जमते हे महावितरणचा कोणीही लेखापाल एका दुपारी काढून देईल.

त्या निधीतले पहिले काम मुंडीपारला व्हावे. सिलिकॉनचा कारखाना आता तिथे येईल, ही आशा दाखवणे त्या शेतकऱ्यांवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होईल. पण येत्या काही वर्षांत पूर्व विदर्भात हजारो सौरपंप आणि फिडरचे प्रकल्प उभे राहतील. त्यांचे लोखंडी सांगाडे घडवणे, इन्व्हर्टर दुरुस्त करणे, पॅनेल धुणे, जळालेल्या मोटारी भरणे, ही कामे चीनमधून आयात होत नाहीत. सौरपंपाची देखभाल पाच वर्षे कंपनीकडे असते. सहाव्या वर्षी कंट्रोलर बिघडला तर एकोडीचा शेतकरी कोणाकडे जाणार? तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे शिकलेली पोरे आणि मुंडीपारच्या जागेवर एक मोठी दुरुस्तीशाळा, इतके जरी झाले तरी ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांना नागपूरची गाडी धरावी लागणार नाही.

मोफत विजेची मुदत मार्च २०२९ मध्ये संपते. त्या वर्षीचे उन्हाळी धान तेव्हा बांधीत निसवत असेल, आणि एप्रिलचे बिल कोण भरणार हा प्रश्न निवडणुकीच्या सभांतून विचारला जाईल. तोवर साकोली तालुक्यातल्या धानाच्या फिडरवर दिवसाची सौर वीज आली असेल, तर युनिटामागे शेतकऱ्याकडून मागावे लागतील ते एक-दोन रुपये, आणि त्या बदल्यात दिवसाच्या आठ-दहा तासांची हमी देता येईल. हे काम तोवर झाले नाही, तर पुन्हा चौदा हजार कोटींची तजवीज करावी लागेल, आणि मध्यरात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावर उभे राहणारा माणूस तिथेच उभा असेल.